जळक्या तेलाचा भाव कोण ठरवतं?

वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करणारा छोटा कारखाना टाकावा, ही कल्पना आपल्या सीमाभागात पुन्हा पुन्हा निघते. ती निघण्यासारखीच आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेड भाड्यानं मिळते, टाक्या आणि पाइप जोडून देणारे फॅब्रिकेटर इथेच हाताशी आहेत, केमिकल शिकलेली पोरं दर वर्षी कॉलेजांतून बाहेर पडतात. निपाणीपासून खानापूरपर्यंत भजी, वडे, पुऱ्यांच्या कढया दिवसभर चालू असतात. डिझेल नव्वदच्या घरात आहे. कागदावर सगळं जुळतं.

तरीही या धंद्यात पडणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारतो: तेल कुठून आणणार, आणि काय भावानं? उत्तर बहुतेक वेळा असं येतं की ते काय, हॉटेलवाले फेकूनच देतात. इथेच सगळा हिशोब चुकतो. जळकं तेल कुणी फेकत नाही. त्याला गिऱ्हाईक आहे, आणि ते बायोडिझेलवाल्यापेक्षा जास्त पैसे देतं. जोवर हे बदलत नाही तोवर बेळगावात कितीही छोटे प्लँट उभे राहिले तरी वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या टाक्या भंगारात निघतील. माझं स्पष्ट मत आहे की आपण आधी तेलगोळणीची, म्हणजे वापरलेलं तेल गोळा करण्याची, व्यवस्था उभी करावी आणि प्लँटचा विचार नंतर करावा. सरकारी अनुदानही प्लँटच्या यंत्राला न देता आधी गोळणीला द्यावं.

हिशोब मांडून दाखवतो. हजार लिटर वापरलेलं तेल घेतलं असं धरू. भाव लिटरला 55 रुपये धरला तर 55 हजार तिथेच गेले. ते तेल तापवून, गाळून, निवळवून पाणी आणि गाळ काढला की हातात साधारण 930 लिटर उरतं. त्याचं बायोडिझेल करायला त्यात पाचव्या हिश्श्यानं मिथेनॉल, म्हणजे 186 लिटर. 40 रुपयांनी साडेसात हजारांच्या आत. ती क्रिया घडवायला कॉस्टिक पोटॅशचे दहा किलो, हजार रुपये. वीज, जळण, दोन माणसांची मजुरी मिळून तीन हजार. तपासणी, टेम्पोचं भाडं, व्याज, झीज यांना दोन हजार. एकूण साडेअडुसष्ट हजारांच्या जवळ खर्च आणि हाती 880 लिटर बायोडिझेल, म्हणजे लिटरला पावणेअठ्ठ्याहत्तर रुपये.

आता विक्री. बायोडिझेलमध्ये लिटरमागे डिझेलपेक्षा आठेक टक्के उष्णता कमी असते. डिझेल 90 रुपये असेल तर जाणकार गिऱ्हाईक बायोडिझेलला 83 च्या वर देणार नाही. लिटरमागे पाच रुपये सुटले, हजार लिटरच्या एका घाण्याला साडेचार हजार. त्यातूनच कर, उधारी, एखादा बिघडलेला घाणा भरून काढायचा. आणि कच्चं तेल 55 ऐवजी 60 रुपयांनी घ्यावं लागलं, तर हे साडेचार हजार जाऊन वर पदरचे काही घालावे लागतात.

शंभर रुपये खर्चातले ऐंशी रुपये कच्च्या तेलाचे आहेत, हे या आकड्यांतून दिसतं. मजुरी अर्ध्यावर आणली, मिथेनॉल परत मिळवण्याची भट्टी बसवली, वीज सौरऊर्जेवर घेतली, तरी तेलाचा भाव पाच रुपयांनी हलला की ही सगळी काटकसर वाहून जाते. हे भाव मी उदाहरणापुरते धरलेत. प्रत्येकानं आपल्या गावचे आकडे घालून पाहावेत. प्रमाण फारसं बदलणार नाही.

केंद्र सरकारनं हे ओळखलं नव्हतं असं नाही. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानं 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं. 10 ऑगस्ट 2019 ला, जागतिक जैवइंधन दिनी, तिन्ही सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांसाठी योजना जाहीर केली: वापरलेल्या तेलापासून केलेलं बायोडिझेल पहिल्या वर्षी 51 रुपये, दुसऱ्या वर्षी 52 रुपये 70 पैसे आणि तिसऱ्या वर्षी 54 रुपये 50 पैसे लिटरनं घेण्याची हमी. हेतू चांगला होता. पण वरचाच इतर खर्च धरून उलटा हिशोब केला, तर 51 रुपयांत माल देणाऱ्याला कच्च्या तेलाचे 31-32 रुपयांपेक्षा जास्त देणं परवडत नाही. पुढं काय झालं ते घराघरातल्या बायकांना कुणी सांगायला नको. खाद्यतेल भडकलं. 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच बंद केली आणि ती 23 मेपर्यंत बंद राहिली. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं, त्यामुळे तिकडच्या निर्णयाची झळ इथल्या कढईला त्याच आठवड्यात लागते. नवं तेल महागलं की जुन्या तेलाचा भाव त्याच्या मागोमाग चढतो. इकडे पंपावरचं डिझेल मात्र मे 2022 पासून मार्च 2024 पर्यंत जवळपास एकाच जागी राहिलं. एका बाजूला रोज हलणारा कच्चा माल आणि दुसऱ्या बाजूला दिल्लीत बांधून ठेवलेला विक्रीचा भाव, यांच्यामध्ये छोट्या उत्पादकानं तग कसा धरायचा?

आता ते दुसरं गिऱ्हाईक.

रात्री साडेदहाच्या पुढं बेळगावातल्या कुठल्याही गर्दीच्या हॉटेलच्या मागच्या दारी जाऊन बघा. अशाच एका हॉटेलमालकांनी मला त्यांचा डबा उघडून दाखवला. वर तेल काकवीसारखं दाट आणि काळपट, कडेनं वाळलेल्या फेसाची रेघ, आणि झारा बुडवून वर काढला तर तळाशी दोन बोटं बेसनाचा गाळ आणि मिरचीच्या जळक्या बिया. वास नाकात बसणारा. मी त्यांना म्हटलं, हे पंचावन्ननं द्याल का? ते अगदी सरळपणे म्हणाले, “पंचावन्न तुम्ही म्हणता. गाडेवाला पासष्ट देऊन नेतो की हो. गाळून दिलं की त्याचं भागतंय. मी तरी काय करू, सांगा.”

हॉटेलचं टाकाऊ तेल वडा-भज्यांच्या गाड्यावर जातं. तिथून आणखी उतरलं की आणखी गरिबाच्या कढईत. नवं पामोलिन परवडत नाही, म्हणून निम्म्या भावाचं जुनं तेल घेणारा गाडेवाला हा या साखळीतला सर्वांत दुबळा माणूस आहे. त्याला गुन्हेगार ठरवून काही साधणार नाही. पण त्याच्याकडचा वडा खाणारा हमाल, बांधकामावरचा मजूर आणि हॉस्टेलचा विद्यार्थी रोज काय पोटात घालतोय, याचा मला संताप येतो. वारंवार तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, साठत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 1 जुलै 2018 पासून त्यांची कमाल मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. त्यापुढचं तेल स्वयंपाकाला वापरणं बेकायदा आहे. तरीही त्याचा बाजार भरतो, कारण ते तेल अन्न म्हणून विकलं गेलं तर 65 रुपयांचं असतं आणि इंधन म्हणून 55 चं. या दहा रुपयांच्या फरकावर सगळं अडून आहे. बायोडिझेलची खरी स्पर्धा डिझेलशी आहे असं समजून आपण इतकी वर्षं चुकीच्या बाजूला बघत आलो.

मग हा फरक मिटवायचा कसा? कायद्यानं, असं पटकन तोंडात येतं. पण कायद्याची जाळी इथं फार विरळ आहे. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी नोंदवही ठेवायची आणि जुनं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं, असा नियम 1 मार्च 2019 पासून आहे. बेळगाव, संकेश्वर, निपाणीतली बहुतेक हॉटेलं या पन्नाशीच्या खालीच बसतात. त्यांच्याकडचं जुनं तेल कुठं जातं हे कुणीही विचारत नाही. आणि निरीक्षक वाढवून रोज गाड्यागाड्यावर तपासणी सुरू केली तर त्यातून काय वाढेल हे आपण सगळे जाणतो. म्हणून दंडापेक्षा पैशाचा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि तो मार्ग बेळगावच्या रविवार पेठेतून जातो.

हॉटेलांना आणि गाड्यांना नवं तेल कोण पुरवतं? रविवार पेठेतले घाऊक व्यापारी आणि तालुक्याच्या गावांतले त्यांचे उपविक्रेते. त्यांचा टेम्पो सकाळी भरून जातो आणि रिकामा परत येतो. याच टेम्पोनं परतीला जुन्या तेलाचे डबे आणावेत. हॉटेलवाल्याला रोख पैसे देण्याऐवजी नव्या डब्यावर सूट द्यावी: एक डबा जुनं तेल, नव्या डब्याच्या बिलात तितके पैसे वजा. तेल गोळा करायला वेगळी गाडी फिरवली तर प्रत्येक दारी दहा-पंधरा लिटरसाठी थांबताना डिझेलचाच खर्च खाऊन टाकतो. परतीच्या टेम्पोत तो जवळजवळ शून्य होतो. गाडेवाल्यालाही यात जागा आहे. त्याला जुनं तेल विकत घेण्याऐवजी नवं पामोलिन घाऊक दरात, आठवड्याच्या उधारीवर मिळालं, तर तो जुन्याकडं वळणार नाही. त्याला आज अडचण भावाइतकीच रोकडीची आहे. नगरपालिकेमार्फत मिळणाऱ्या केंद्राच्या फेरीवाला कर्जयोजनेला हे सहज जोडता येईल.

गोळा केलेल्या तेलाला एकच भाव देणं मात्र चुकीचं ठरेल. दुधाच्या डेअरीत फॅट पाहून पैसे मिळतात, हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलंय. तेलाचंही तसंच व्हावं. त्याची आम्लता मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. मिलिलिटरभर तेल अल्कोहोलात विरघळवायचं, त्यात रंग दाखवणारं द्रव्य टाकायचं आणि कॉस्टिकचं मोजलेलं पाणी थेंबाथेंबानं सोडायचं. रंग पालटेपर्यंत किती मिलिलिटर लागलं, तो आकडा म्हणजे तेलाची प्रत. रंगाला हळदसुद्धा चालते; हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तीच ही क्रिया. पाणी किती आहे हे तापलेल्या तव्यावर थेंब टाकून ऐकलं तरी अंदाज येतो: तडतडलं तर पाणी आहे. आम्लता जास्त असेल तर कॉस्टिक घालताच बायोडिझेलऐवजी साबण तयार होतो आणि अख्खा घाणा नासतो. त्यामुळे चांगल्या तेलाला दोन रुपये जास्त देणं हे प्लँटच्या फायद्याचं, आणि हॉटेलवाल्यानं तेल वेळेवर कढईतून काढणं हे खाणाऱ्याच्या फायद्याचं.

तेल नक्की कुणाकडं सापडतं, हेही नीट पाहायला हवं. पुष्कळांची नजर आधी फरसाणवाल्यांवर जाते, कारण त्यांच्याकडं तेल जास्त लागतं. पण शेव-चिवडा आपल्या वजनाच्या मोठ्या हिश्श्याइतकं तेल पिऊन बाहेर पडतो. कढईत सतत नवं तेल पडत राहतं, टाकायला फारसं उरत नाही. जुनं तेल साठतं ते जिथं कढई तासन्‌तास तापत राहते आणि तळण अधूनमधून होतं तिथं: हॉटेलं, कँटीन, हॉस्टेलच्या मेस. बेळगावात इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांची हॉस्टेलं आहेत, 1922 पासून इथे असलेलं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा सगळं शहर बाहेरून आलेल्यांना जेवू घालत असतं. अशा ठिकाणी मेसचा ठेका निविदेनं दिला जातो. त्या निविदेत एक अट घाला: जुनं तेल नोंदीसह गोळणी केंद्रालाच द्यायचं. एका अटीनं महिन्याचा ठरलेला पुरवठा हाती येतो, आणि छोट्या प्लँटला सर्वांत जास्त गरज असते ती ठरलेल्या पुरवठ्याचीच.

आपल्या भूगोलाकडंही माझं सारखं लक्ष जातं. बेळगावची भाजी आणि दूध चोर्ला घाटानं रोज गोव्याला उतरतं. पणजी सुमारे सव्वाशे किलोमीटर. गोव्यातल्या हॉटेलांमध्ये तळणाचं काम केवढं चालतं, हे तिथं राबणाऱ्या खानापूरच्या पोरांना विचारावं. भाजीचे टेम्पो रिकामे परत घाट चढतात. उत्तरेला कोल्हापूर, दक्षिणेला हुबळी-धारवाड, मध्ये राष्ट्रीय महामार्ग 48 वरची ढाब्यांची रांग. बेळगावचं बळ त्याच्या स्वतःच्या कढयांपेक्षा या चौरस्त्यावरच्या जागेत आहे. राज्याची हद्द मध्ये येते हे खरं. पण 2002 चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा अशाच कामासाठी आहे, आणि त्याखाली पतसंस्था चालवण्याचा अनुभव आपल्या भागात भरपूर आहे. चंदगड, गडहिंग्लज, कागल आणि इकडे निपाणी, हुक्केरी, खानापूर यांची मिळून एक तेलगोळणी सहकारी संस्था निघू शकते. सभासद कोण? तेल देणारे हॉटेलवाले आणि इंधन घेणारे कारखानदार, दोघेही. भाव ठरवताना दोघे एका टेबलावर असले तर पाच रुपयांच्या चढउतारावर प्लँट बंद पडत नाही. तोटा-नफा घरातच फिरतो.

इंधन घेणाऱ्या कारखानदारांचा उल्लेख मी मुद्दाम केला. छोट्या उत्पादकानं रस्त्यावर धावणाऱ्या वाहनांना बायोडिझेल विकण्याच्या फंदात पडू नये, असं मला वाटतं. त्यासाठी आयएस 15607 हे मानक पाळावं लागतं, माल फक्त डिझेलमध्ये मिसळण्यासाठी विकता येतो, 2019 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे नोंदणी लागते. हे नियम योग्यच आहेत. गुजरातेत बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच औद्योगिक तेलं ट्रकांत भरली गेली तेव्हा त्यांची गरज सगळ्यांना दिसली. पण दर घाण्याची प्रमाणित तपासणी पाचशे लिटरवाल्याला झेपत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला तोही तेल कंपन्यांना मिसळणीसाठी दिलेल्या मालापुरताच. शेजारच्या कारखान्याला विकणाऱ्याला ती सवलत नव्हती. शिवाय आपल्याकडचं तळण बहुतेक पामोलिनचं, आणि पामचं बायोडिझेल 15 अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागतं. डिसेंबरातल्या बेळगावच्या पहाटे ते फिल्टरमध्ये गोठून कुणाचा ट्रक घाटात उभा राहिला, तर त्या गिऱ्हाइकाची समजूत पुढं कोण घालणार?

उद्यमबागेतल्या फाउंड्रींना मात्र उष्णता हवी असते. लेडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) तापवायला, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) भाजायला, कास्टिंगच्या उष्मोपचाराला बर्नर चालतात, आणि बर्नर इंजिनाइतका नाजूक नसतो. तिथं पुष्कळदा बायोडिझेल करण्याचीही गरज उरत नाही. नीट गाळलेलं, पाणी काढलेलं तेल 80-90 अंशांपर्यंत आधी तापवून योग्य बर्नरमध्ये फवारलं तर ते जळतं. चाळीस अंशांना वनस्पतितेल डिझेलपेक्षा दहापट दाट असतं, म्हणून हे आधी तापवणं अटळ. पण मिथेनॉलचा खर्च वाचतो, आणि त्याचा धोकाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेऊन, धूर मोजून हे करता येण्यासारखं आहे. इंधनात रसायनशास्त्र जितकं कमी तितकं छोट्या माणसाच्या आटोक्यात राहतं.

मिथेनॉलबद्दल दोन शब्द जास्त लिहिणं मला भाग आहे, कारण यूट्यूबवरच्या कृतींमध्ये ते पाण्यासारखं ओतताना दिसतं. ते 11 अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि 65 अंशांच्या आत उकळतं. घाणा बहुधा साठ अंशांवर चालतो. थोडंसं पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीव जातो. जून 2024 मध्ये तमिळनाडूत कळ्ळाकुरिचीला मिथेनॉलमिश्रित दारूनं साठांहून अधिक माणसं मेली. ज्या शेडमधून त्याचा एक कॅन चोरीला जाऊ शकतो, अशा शेडी गल्लोगल्ली नकोत. आणि बायोडिझेल धुतलेलं साबणाचं पाणी, मिथेनॉल आणि कॉस्टिक मुरलेलं काळं ग्लिसरीन यांचं काय? शंभर लिटर तेलामागे दहा किलोच्या वर ते निघतं. शुद्ध करायला मोठं यंत्र लागतं, अशुद्ध कुणी घेत नाही. मग ते गटारात जातं. बेळगावचं सांडपाणी वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्यानं शहापूर-वडगाव शिवारातल्या भाताचं काय केलंय ते तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय. त्यात आणखी एका ‘हिरव्या’ कारखान्याची भर पडू द्यायची नाही. म्हणून खरोखर बायोडिझेल करायचंच असेल तर जिल्ह्यात एकच प्लँट असावा, मिथेनॉल परत मिळवणारा आणि सांडपाणी प्रक्रिया करणारा. बाकी सगळ्यांनी त्याला तेल पुरवावं.

हे सगळं लवकर करायला हवं, कारण मोठी गिऱ्हाइकं दाराशी आली आहेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात 2027 ला 1 टक्का, 2028 ला 2 टक्के आणि 2030 ला 5 टक्के पर्यायी इंधन मिसळायचं केंद्रानं ठरवलं आहे, आणि वापरलेलं खाद्यतेल हा त्याचा एक मुख्य कच्चा माल. रिफायनरी एकदा खरेदीला उतरली की छोट्या प्लँटनं भावात तिच्याशी झुंजण्याचा प्रश्नच नाही. पण गोळणी आपल्या हातात असेल तर रिफायनरीलाही आपल्याकडूनच घ्यावं लागेल, आणि तेव्हा 55 चे 65 मिळाले तर ते हॉटेलवाल्याच्या, टेम्पोवाल्याच्या आणि संस्थेच्या खिशात जातील. गोळणी नसेल तर बाहेरचा ठेकेदार येऊन मोठ्या हॉटेलांचं तेल उचलेल आणि गाड्यांचा बाजार आहे तसाच चालू राहील.

महापालिका आणि नगरपालिकांकडं माझं मागणं अवघड नाही. येत्या परवाना नूतनीकरणात 50 लिटरच्या खालच्या हॉटेलांकडूनही जुनं तेल कुणाला दिलं त्याची पावती मागावी. ध्रुवीय संयुगं मोजणारी हातातली यंत्रं वॉर्डावॉर्डांत फिरवावीत आणि पहिले सहा महिने दंड न करता आकडा फक्त मालकाला दाखवावा. आणि याची पत्रकं कन्नडबरोबर मराठीतही छापावीत. रविवार पेठेत, खानापुरात, निपाणीत कढईसमोर उभा असलेला माणूस मराठी वाचतो, आणि 25 टक्क्यांचा नियम त्याच्यापर्यंत अजून कुणी नेलेलाच नाही.